हवालदाराचा सातवा बार

"म्हणजे माझा आबा बहिरा होता, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

वैजयंतेनं विचारलं आणि ती मठाच्या पडवीत तशीच उभी राहिली. बुवांनी पुढं सरकवलेल्या घोंगडीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

हंसगीरबुवा गोधडीला ठिगळ लावत बसले होते. ऐंशीला टेकलेला माणूस. सुईचं नाक काही केल्या सापडत नव्हतं, पण कुणाची मदत मागतील तर शपथ.

"मी कुठं तसं म्हटलं?"

"मग काय म्हटलंत?"

"तू किती बार ऐकलेस, एवढंच विचारलं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"सहा की सात?"

"आबा सहा म्हणाला."

"आबाचं मला ठाऊक आहे. तुझं विचारतोय."

वैजयंता तालुक्याच्या हायस्कुलात गणित शिकवायची. आकडा विचारावा आणि तिनं उत्तराला क्षणभर तरी थांबावं, असं कधी झालं नव्हतं. आज मात्र तिनं मान फिरवली. अंगणापलीकडं अर्धवट खोदलेली विहीर होती, विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, आणि कुंपणाला टेकवलेला तिचा कोयता होता.

हे भांडण काय आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगायलाच हवं. खडकेवाडीतलं शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला सांगेल म्हणा, पण वर पदरच्या चार गोष्टी घालेल. मी घालणार नाही.

वैजयंतेचा आजोबा हणमंत धोत्रे. अठराव्या वर्षी फौजेत गेला. सुरुंग पेरायचे आणि शत्रूनं पेरलेले काढायचे, अशा पलटणीत होता. पासष्टची लढाई त्यानं पाहिली. हवालदार होऊन गावी आला, आठ दिवस पाहुणचार खाल्ला, आणि नवव्या दिवशी पहार खांद्यावर टाकून विहिरींच्या कामाला लागला. आमच्या भागात खालती सगळा काळा कातळ. सुरुंग लावल्याशिवाय विहीर एक हात खोल जायची नाही. पंचक्रोशीत कुठंही जा आणि ओणवून पाणी बघा, तिथं हवालदाराचे हात लागलेले असणार.

शेवटची विहीर त्यानं मठाच्या माळावर धरली होती. गावचा आड आटला, तेव्हा बुवांनी जागा दिली आणि हवालदार म्हणाला, "बार मी लावतो." छत्तीस हात खोल गेली. तळाचा कातळ ओला लागला. आता शेवटचे सात बार उडाले की पाणी, असं सगळे म्हणत होते.

त्यानं सात भोकं पाडली, सात सुरुंग ठासले, सात वाती पेटवल्या आणि दोराच्या शिडीनं वर आला. सगळे बांधाआड बसले. एकेक बार फुटायला लागला. हवालदारानं बोटं मिटायला सुरुवात केली.

सगळं शांत झालं तेव्हा त्याची सहा बोटं मिटलेली होती.

"एक राहिलाय," तो म्हणाला.

माणसं हसली. "अहो हवालदार, सात झाले की! शेवटचे दोन जोडीनं उडाले."

"एक राहिलाय," तो पुन्हा म्हणाला. शिडी वर ओढून घेतली, बाभळीच्या फांद्या तोडून भोवती टाकल्या आणि सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत इकडं कुणी फिरकायचं नाही. नंतरसुद्धा मी उतरून आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकडं यायला म्हणून तो ओट्यावर बूट घालत बसला होता. एक बूट घातला. दुसऱ्याची नाडी हातात होती, तशीच राहिली.

झालं. माणूस गेला, आणि 'मी उतरल्याशिवाय' एवढंच मागं राहिलं.

तेराव्याला सरपंच दत्ताजीरावांनी भाषण केलं. देशाचा वीर सुपुत्र म्हणाले, गावचा मानबिंदू म्हणाले. मेल्या म्हशीला मणभर दूध, त्यातली गत. फोटोला हार घातला, डोळे पुसले, आणि त्याच रुमालानं तोंड पुसत शेजारच्याला म्हणाले, "सोमवारी गडी उतरवा. म्हातारा ठार बहिरा झालता, सात बार त्याला सहा ऐकू आले. त्यापायी गावानं तहानेनं मरायचं काय?"

वैजयंता मागंच उभी होती. तिनं ऐकलं. तेव्हापासून शाळेला रजा टाकून ती कोयता घेऊन त्या काट्यांजवळ बसली होती. यारीचं सामान घेऊन गडी दोनदा आले, दोनदा तिनं परत घालवले. यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढायचा उंच खांब आणि दोर. तिसऱ्यांदा ते आज यायचे होते, आणि या खेपेला सरपंच स्वतः बरोबर येणार होते.

म्हणून ती बुवांकडं आली होती. जागा मठाची. बुवा नाही म्हणाले, तर सरपंचाचं काही चालणार नव्हतं.

"विहीर बुजवा," ती आता म्हणाली. "वर दगड बसवू. त्यावर आबाचं नाव कोरू. त्याचं शेवटचं वाक्य कोरू."

"कोणतं?"

"एक राहिलाय."

बुवांच्या सुईत दोरा एकदाचा गेला. ते भलतेच खूश झाले.

"आणि पाणी?"

"दुसरीकडं खोदा. माळ काय लहान आहे?"

"आणि हिला पाणी लागलंय त्याचं?"

"पाण्यासाठी त्याला खोटं पाडायचं? चाळीस वर्षं या गावाला त्यानं पाणी पाजलं. आता ज्यांनी त्याच्या फोटोला हार घातला, तेच त्याच्या शब्दाला हसतायत. मी नाही हसू देणार. शेंडी तुटो की पारंबी तुटो, मी इथून उठणार नाही."

"उठू नकोस," बुवा म्हणाले. "पण किती ऐकलेस?"

...

"बुवा, तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"गोधडीच्या. किती ऐकलेस?"

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काही तरी तोडून बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तोंडातून भलतंच आलं.

"सात."

बुवांनी टाका घातला.

"सात ऐकले मी. शेवटचे दोन पाठोपाठ होते, पण दोन होते. मी म्हटलंही त्याला, आबा, सात झाले. तो म्हणाला, सहा. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, सहा." ती खाली बसली. घोंगडीवर नाही, जमिनीवर. "गावाला वाटतं, नातीनं सहाच ऐकले असतील म्हणून भांडते. नाही. मी सात ऐकले."

"मग तो बहिरा होता."

"होता!" ती ओरडली. "होता बहिरा. डावा कान पार गेलेला, उजव्यात थोडी धुगधुगी. आणि का गेले त्याचे कान, ठाऊक आहे? विचारा ना. कुणी विचारलं नाही आजवर."

बुवांनी विचारलं नाही. त्यांनी सुई गोधडीत खोचली आणि हात मांडीवर ठेवले.

मग तिनंच सांगितलं. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. बाप मालाच्या गाडीवर, महिना महिना घरी नाही. तिला सांभाळायचं कुणी? हवालदारानं. पहाटे उठून तिच्या दोन वेण्या घालायचा. परेडला निघाल्यासारख्या ताठ वेण्या, दिवसभर एक केस हलायचा नाही. तिचे शाळेचे बूट फौजेतल्या ब्रशानं घासायचा. शाळेला सुट्टी असली की तिला कामावर घेऊन जायचा. घरी एकटी ठेवायची कशी?

"बार उडायच्या आधी मला बांधाआड पुढ्यात घ्यायचा," वैजयंता म्हणाली, "आणि दोन्ही हातांनी माझे कान झाकायचा. दोन्ही हात माझ्या कानांवर, बुवा. त्याचे कान उघडे. म्हणायचा, कान झाकले तरी बार पायांतून कळतो, वैजू, तू बोटं मोड. मी बोटं मोडायची. अंक मी तिथंच शिकले. आठ-नऊ वर्षं असं चाललं. गावातली बाकी माणसं स्वतःचे कान दाबून बसायची. त्याला हातच कुठं होते?"

...

"आता म्हणतायत, म्हातारा ठार बहिरा झालता."

तिनं नाक पुसलं. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ते काही तिला जमलं नाही.

बुवांनी गोधडीतून सुई काढली. मग अगदी साधं विचारावं तसं त्यांनी विचारलं,

"याआधी कधी म्हणाला होता? एक राहिलाय म्हणून?"

"पुष्कळदा."

"किती?"

"अकरा वेळा." आकडा मात्र पाठ होता.

"आणि राहिलेला निघाला किती वेळा?"

तिनं पायाशी पडलेली काडी उचलली आणि मोडली.

"एकदा. कुरणाच्या विहिरीत. उतरला आणि खालून ओरडला, पाणी सोडा. दिवसभर बादल्या ओतल्या, तेव्हा कुठं तो सुरुंग काढता आला."

"आणि दहा वेळा?"

"दहा वेळा... काही नव्हतं."

"मग काय करायचा?"

"काय करणार? वर यायचा. सगळे वाट बघत असायचे, उन्हात ताटकळलेले, चिडलेले. शिडीवरूनच सांगायचा, नाही बाबांनो, होते तेवढे फुटलेत, मीच चुकलो, चला उतरा. लोक हसायचे. 'हवालदाराचा फुसका बार' म्हणायचे. तोही हसायचा. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायचा."

"आणि तू?"

"मला लाज वाटायची," वैजयंता म्हणाली. "दहा वर्षांची होते. घरी येताना रस्त्यात रडले होते एकदा. म्हटलं, आबा, तू परत कधी 'एक राहिलाय' म्हणू नकोस, लोक तुला हसतात. तो म्हणाला, थांब जरा, तुझ्या वेणीत खडा अडकलाय."

बुवा हसले. दात नव्हतेच फारसे, त्यामुळं सगळं तोंड हसलं.

"लढाईतलं सांगितलं होतं का त्यानं तुला? मला नाही सांगितलं कधी. इथं बसायचा, तंबाखू मळायचा, उठून जायचा."

"एकदाच. मी नोकरीला लागले त्या दिवशी." तिनं हातातली मोडकी काडी टाकून दिली. "शत्रूनं पेरलेला पट्टा होता. नकाशात बेचाळीस सुरुंग दाखवलेले, यांनी काढले एक्केचाळीस. आबा म्हणाला, एक राहिलाय. वरचा साहेब म्हणाला, नकाशा चुकला असेल, हो गया, आगे चलो. आबा अजून वाकून बघतच होता. तेवढ्यात मारुती शेडगे म्हणून त्याचा जोडीदार होता, शेजारच्याच गावचा, तो हसत म्हणाला, हणम्या, तू मोजत बस. आणि पुढं गेला."

पुढचं तिनं सांगितलं नाही. बुवांनीही विचारलं नाही.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हवालदारानं चाळीस वर्षं ताक फुंकलं, आणि गावानं चाळीस वर्षं त्याची टिंगल केली. आता माझं विचाराल तर गावाचा फार राग येत नाही. गाव असंच असतं. पण हार घालताना तरी जरा खाली मान घालावी माणसानं!

माळाच्या चढावर माणसं दिसायला लागली. पुढं दत्ताजीराव, पांढऱ्याधोट टोपीत. मागं डोक्यावर दोर घेतलेले बिरू आणि सिद्धा, यारीवरचे गडी. आणखी मागं तमाशा बघायला दहा-बारा जण. फुकटचा तमाशा म्हटल्यावर माणसं काय कमी पडतात?

वैजयंता ताडकन उठली. धावत विहिरीपाशी गेली आणि कोयता हातात घेतला.

"पुढं पाऊल टाकायचं नाही!"

"बाई, आता पुरे झालं," दत्ताजीराव म्हणाले. "हवालदारांचा आम्हाला आदरच आहे. शाळेला त्यांचं नाव देऊ. पण आज गडी उतरणार. बिरू, चल."

बिरूनं दोर खाली ठेवला. सिद्धाकडं बघितलं. सिद्धानं विहिरीकडं बघितलं.

"सरपंच," बिरू हळूच म्हणाला, "हवालदार एक राहिलाय म्हणालं होतं..."

"अरे, मेलेल्या माणसाचं काय घेऊन बसलास? उतर!"

बिरू बघायला आलेल्या पाहुण्यांपुढच्या नवरीसारखा खाली बघत उभा राहिला. घरी तीन लेकरं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि हो म्हणायला पाय उचलत नव्हता.

तेवढ्यात बुवा आले. वैजयंतेच्या बाजूनं पुढं झाले आणि काट्याची एक फांदी उचलून बाजूला टाकली. मग दुसरी. हाताला काटे लागत होते, रक्त येत होतं, त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"बुवा! काय करताय?"

तिसरी फांदी. चौथी. वाट झाली. बुवांनी भगव्या लुंगीचा काष्टा मारला, शिडी विहिरीत सोडली आणि काठावर बसून खाली पाय सोडले.

वैजयंतेचा कोयता हातातून गळून पडला. तिनं मागून त्यांचे दोन्ही दंड धरले.

"उठा! वेड लागलंय का? तुम्हाला सुरुंगातलं ओ की ठो तरी कळतं का?"

"नाही."

"वात कुठं असते, बार फुटला की भोक कसं दिसतं, कशाला हात लावायचा नाही, काही ठाऊक आहे?"

"नाही गं."

"मग कशाला उतरताय?"

"तुझ्या आबानं सांगितलंय ना, मी उतरल्याशिवाय कुणी नाही. तो तर आता यायचा नाही." बुवा खालच्या अंधारात बघत म्हणाले. "हे दोघं तरणे आहेत. त्यांच्या आधी कुणीतरी उतरायला पाहिजे. मी म्हातारा आहे, गोधडी काय, कुणीही शिवील."

"पण बारच नाहीये तिथं! सात फुटलेत, मी ऐकलेत!"

"मग सोड मला."

...

तिनं सोडलं नाही.

वैजयंता बुवांचे दंड धरून उभी होती. सात ऐकलेत. स्वच्छ ऐकलेत. शंभर मुलांसमोर फळ्यावर लिहून देईन की सात. मग या म्हाताऱ्याला धरून का ठेवलंय मी?

तिनं त्यांना ओढून मागं घेतलं. अक्षरशः ओढलं, गुडघे खरचटले बुवांचे. मग तिनं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला, हातातल्या काचेच्या बांगड्या काढून बुवांच्या ओंजळीत दिल्या.

"सगळे बांधाआड," ती म्हणाली.

"बाई, अगं..."

"सरपंच, तुम्हीसुद्धा. बांधाआड! मी वर येऊन सांगेपर्यंत एकानंही डोकं वर काढायचं नाही. बिरूदादा, काळजी घ्या, यांना पुढं येऊ देऊ नका."

असा आवाज त्या माळावर पूर्वी एकाच माणसाचा निघायचा. दत्ताजीराव टोपी सावरत बांधाआड गेले, ते बघायला गंमत होती. पण त्या वेळी कुणाला हसू आलं नाही.

वैजयंता शिडीनं उतरायला लागली.

दहा हातांवर ऊन संपलं. वीस हातांवर गारवा लागला. तळाशी घोटाभर पाणी झिरपून साचलं होतं आणि त्यात फुटलेल्या कातळाचा ढीग. ती शेवटच्या पायरीवर थांबली. भिजलेल्या दारूवर भरवसा ठेवायचा नाही, आबा सांगायचा. लोखंड लावायचं नाही. घाई करायची नाही. भीती वाटली तर वाटू द्यायची, हात मात्र हळू चालवायचा.

भीती वाटत होती. खोटं कशाला बोला?

भोकं कुठं पाडलीत ते तिला ठाऊक होतं. सहा कडेनं, एक मध्ये. तिनं एकेक दगड हातानं उचलायला सुरुवात केली. उचलायचा, बाजूला ठेवायचा, ठेवताना आपटायचा नाही. पहिल्या भोकाची कड फाटलेली, आतून काळी पडलेली, म्हणजे फुटलं. दुसरं फुटलं. तिसरं. वरून कुणी हाक मारली, तिनं उत्तर दिलं नाही. चौथं, पाचवं. सहावं शोधायला फार वेळ गेला, पण तेही फुटलेलं. मधल्या भोकावर एक मोठी शिळा आडवी पडली होती.

ती शिळा काही एकटीला उचलणार नव्हती. तिनं पाण्यात गुडघे टेकले, शिळेखालच्या फटीत हात घातला आणि गाल दगडाला लावून चाचपायला लागली. बोटांना चिखल लागला. मग कातळ. मग भोकाचं तोंड... तिनं बोट आत घातलं.

तोंड फाटलेलं होतं. आत कातळ चुरा झालेला. काजळी. बाकी काही नाही.

तिनं पुन्हा चाचपलं. तिसऱ्यांदा चाचपलं. काही नाही.

सात.

ती तशीच पाण्यात बसून राहिली. आपण जिवंत आहोत याचा आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र त्या भोकाचा राग आला. एकदा तरी, निदान शेवटच्या खेपेला तरी, आबाचं खरं निघायला काय हरकत होती? तोंड उघडून ती रडली. आवाज विहिरीत घुमला आणि वरच्यांना वाटलं, काहीतरी झालं.

"वैजूताई!" बिरू ओरडला.

"येऊ नका! मी येतेय."

चढताना ती विचार करत होती. वर काय सांगू? होता एक, मी काढला, असं सांगितलं तर? कोण बघायला येणार? सोळा दिवसांचं सार्थक होईल. सरपंचाचं तोंड बंद होईल. गावात पुढची पन्नास वर्षं सांगतील, हवालदाराचं शेवटचं वाक्य खरं निघालं. एक छोटी थाप, आणि आबा कायमचा मोठा.

शिडीच्या अर्ध्यावर ती थांबली. तिथं बराच वेळ थांबली.

मग तिनं काठावर डोकं काढलं. केस मोकळे, कोपरं रक्ताळलेली, कमरेपर्यंत चिखल. बांधावरून सगळी तोंडं तिच्याकडं बघत होती.

"नाही बाबांनो," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "नाही! सातही फुटलेत. आबा चुकला होता. बिरूदादा, सिद्धादादा, चला, उतरा."

दत्ताजीराव बांधावरून उतरले, धोतर झटकलं आणि हसले.

"म्हटलं नव्हतं मी? चार जणांसमोर म्हटलं होतं. काही नव्हतं तिथं, उगाच सोळा दिवस गाव खोळंबलं."

"खरंय," वैजयंता म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, खालीही बघितलं नाही. "तुम्ही म्हणाला होतात. मग आधी तुम्हीच का नाही उतरलात, सरपंच?"

दत्ताजीरावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग त्यांना तालुक्याला काहीतरी काम असल्याचं आठवलं.

बघे पांगले. बिरू आणि सिद्धानं यारी उभी केली, दोर ओवला. वैजयंता काठापासून थोडी दूर, बुवांच्या शेजारी येऊन बसली. बुवांनी बांगड्या पुढं केल्या. तिनं त्या घेतल्या, हातात घातल्या नाहीत.

"शेवटचंच सांगून गेला तो, बुवा," ती हळूच म्हणाली. "आणि तेच चुकलं. दगडावर काय कोरू आता?"

बुवा विहिरीकडं बघत होते.

मघाशी पाय न उचलणाऱ्या बिरूनं शिडीवर पाय ठेवला. वर बघत सिद्धाला म्हणत होता, येताना तंबाखूची पिशवी घेऊन ये, इसरू नको. मग तो दिसेनासा झाला. सिद्धाही त्याच्या मागोमाग गेला, आणि जाताना कसलंसं लग्नातलं गाणं गुणगुणत होता.

"बुवा, मी विचारतेय. तो चुकला होता."

"चुकू दे की," बुवा म्हणाले. "ते बघ... कसे बिनघोर, पायाखाली न बघता उतरतायत."